लिनक्स सुरू व्हायला दोन मिनिटं लागतात? आधी बघा मशीन काम करतंय की कोणाची वाट बघतंय

प्रश्न थोडक्यात असा आहे: जुना लॅपटॉप, ८ जीबी रॅम, वर्षभरापूर्वी हार्डडिस्क काढून एसएसडी टाकली आणि त्यावर डेबियन १२. आधी वीस-बावीस सेकंदात डेस्कटॉप यायचा, गेल्या महिन्यापासून दोन मिनिटांच्या वर जातंय. सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ (बूटचा वेळ मोजणारी कमांड) चालवून बघितलं तर कर्नल (सिस्टिमचा गाभा) ३४ सेकंद आणि युजरस्पेस (त्यानंतर सुरू होणारं बाकी सगळं) १ मिनिट ३६ सेकंद. कोणाला किती वेळ लागला ते दाखवणाऱ्या ब्लेमच्या यादीत मात्र सगळ्यात वरची सर्व्हिस फक्त ४ सेकंदांची, म्हणजे चोर कोण ते सापडत नाही. मधे दुसरं एक डिस्ट्रो (लिनक्सचाच दुसरा प्रकार) शेजारी टाकून बघितलं होतं, आवडलं नाही म्हणून काढलं. बंद करतानाही लॅपटॉप कधी कधी दीड मिनिट अडकून राहतो. मित्र म्हणतोय फॉरमॅट मारून परत टाक. काय करू?

फॉरमॅट मारू नका. मारलंत तर प्रॉब्लेम जाईल, नाही असं नाही, पण तुमचा अख्खा रविवार जाईल आणि पुढच्या वेळी परत एखादं डिस्ट्रो शेजारी टाकून बघितलंत की हेच दुखणं परत येईल, आणि तेव्हा पण का आलं ते कळणार नाही. (कमांड मी इथे देवनागरीत लिहितोय, फोनवरून टाइप करतोय, तुम्ही टर्मिनलमध्ये अर्थातच इंग्रजी अक्षरातच टाका.)

मी साताऱ्यात सोळा वर्षं हेच करतोय, दोन कॉलेजच्या लॅब सांभाळतो आणि संध्याकाळी दुकानात येतील ती मशीन बघतो. "स्लो झालाय हो" एवढं एकच वाक्य घेऊन लोक येतात, पण त्या एका वाक्यात दोन अगदी वेगळे आजार लपलेले असतात. एक म्हणजे मशीन खरंच काम करतंय आणि ते काम त्याला झेपत नाहीये, डिस्क जुनी आहे, रॅम कमी आहे, सर्व्हिस ढीगभर आहेत. दुसरा म्हणजे मशीन काहीच करत नाहीये, नुसतं कोणाची तरी वाट बघत बसलंय. स्टँडवर एसटी उभी आहे, ड्रायव्हर सीटवर आहे, डिझेल फुल आहे, माणसं बसलीत, फक्त कंडक्टर अजून आला नाही म्हणून गाडी हलत नाही. अशा वेळी कोणी म्हणालं की इंजिन बदला तर काय उपयोग? तुमचा मित्र तेच सांगतोय.

आता या दोघांतला फरक ओळखायचा कसा, तर आकड्यांवरून, आणि ही गोष्ट मला शिकायला बरीच वर्षं लागली. काम करायला लागणारा वेळ कधीच गोल नसतो. आज ७.३ सेकंद येईल, उद्या ८.१, परवा लाइट जाऊन आली असेल तर ११.८. वाट बघायचा वेळ मात्र गोल असतो, कारण कुठेतरी कोणीतरी लिहून ठेवलेलं असतं की इतका वेळ थांब आणि मग नाद सोड. सिस्टिमडी, म्हणजे बूट होताना सगळ्या सर्व्हिस सुरू करणारा प्रोग्राम, एखाद्या डिस्कसाठी किंवा सर्व्हिससाठी आपणहून ९० सेकंद थांबतं. डेबियनचं इनिटरॅमएफएस (बूटच्या सुरुवातीची छोटी तात्पुरती सिस्टिम) हायबरनेशनच्या पार्टिशनसाठी ३० सेकंदांच्या आसपास थांबतं. डी-बसवर एका प्रोग्रामने दुसऱ्याला हाक मारली आणि उत्तर आलं नाही तर साधारण २५ सेकंद. सिस्टिमडी-नेटवर्कडीचा नेटवर्कची वाट बघणारा भाग १२० सेकंद, नेटवर्कमॅनेजरचा तसाच भाग हल्ली ६० सेकंद. हे आकडे डोक्यात ठेवले की अर्धं निदान फोनवरच होतं. कोणी म्हणालं "काळ्या स्क्रीनवर दीड मिनिट", की मी विचारतो, बरोबर दीड मिनिट का, रोज तेवढंच? हो म्हणाले की मी डिस्कची किंमत सांगतच नाही.

आता तुमचे आकडे बघा. कर्नल ३४ सेकंद, त्यातून ३० वजा केले की ४ उरतात. युजरस्पेस १ मिनिट ३६ म्हणजे ९६ सेकंद, त्यातून ९० वजा केले की ६. म्हणजे तुमचा लॅपटॉप खरं काम दहाच सेकंद करतोय, एसएसडीवर इतकंच लागायला पाहिजे, आणि वरची दोन मिनिटं तो कोणाच्या तरी नावाने दारात उभा आहे. त्यामुळे खरा प्रश्न "लॅपटॉप स्लो का झाला" असा नाहीच, खरा प्रश्न आहे की तो कोणाची वाट बघतोय, आणि तेही दोनदा का.

माझा अंदाज, ९० टक्के खात्रीने सांगतो, स्वॅप पार्टिशन, म्हणजे रॅम कमी पडली की वापरायला डिस्कवर राखून ठेवलेला भाग. तुम्ही दुसरं डिस्ट्रो टाकलंत तेव्हा त्याच्या इन्स्टॉलरला डिस्कवर आधीपासून असलेलं स्वॅप दिसलं, आणि बरेच इन्स्टॉलर (डेबियनचा स्वतःचा पण यातलाच) दिसेल ते स्वॅप आपलं समजून नव्याने फॉरमॅट करून टाकतात, विचारत सुद्धा नाहीत, किंवा विचारतात पण आपण पुढे पुढे करत एंटर मारत जातो. स्वॅपमध्ये आपला काही डेटा नसतो त्यामुळे नुकसान काही नाही. पण फॉरमॅट झालं की त्या पार्टिशनचा यूयूआयडी बदलतो. यूयूआयडी म्हणजे ती लांबलचक आकडे-अक्षरांची ओळख. तुमच्या डेबियनने इन्स्टॉल होताना जुना यूयूआयडी लिहून ठेवलेला आहे आणि तो आता जगात कुठेच नाही. किंवा दुसरं असं असेल की डिस्ट्रो काढताना तुम्ही जीपार्टेड उघडून त्याची पार्टिशनं उडवलीत आणि त्यात स्वॅपही गेलं. दोन्हीचा परिणाम एकच.

दोनदा वाट का, तर डेबियन ती ओळख दोन ठिकाणी लिहितं. एक ईटीसी फोल्डरमधल्या एफएसटॅब फाइलमध्ये (कुठल्या डिस्क जोडायच्या त्याची यादी), जी सिस्टिमडी वाचतं, तिथले ९० सेकंद. दुसरी ईटीसीतच इनिटरॅमएफएस-टूल्स, त्यात कॉन्फ.डी, त्यात रिझ्यूम नावाची एका ओळीची फाइल, जी सांगते की हायबरनेट केलेली मेमरी कुठल्या पार्टिशनवर शोधायची. ही ओळ इनिटरॅमएफएसच्या आत पण कॉपी होऊन बसते, म्हणजे त्या छोट्या तात्पुरत्या सिस्टिममध्ये जी कर्नलबरोबर लोड होते आणि खरी डिस्क माउंट करून बाजूला होते. तिथले ते तीस सेकंद. डेबियनच्या नेहमीच्या इनिटरॅमएफएसमध्ये सिस्टिमडी चालत नसतं, त्यामुळे तिथे गेलेला वेळ सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ सरळ कर्नलच्या नावावर टाकतं. लोक मग कर्नल बदलत बसतात, जुनं टाकतात, नवीन टाकतात. कर्नलचा बिचाऱ्याचा काही संबंध नसतो.

आणि ब्लेममध्ये चोर का दिसत नाही? ब्लेम दाखवतं की सुरू झालेल्या युनिटला (सर्व्हिस, डिस्क वगैरे) सुरू व्हायला किती वेळ लागला. जे आलंच नाही, त्याला किती वेळ लागला हे ते कसं दाखवणार! हजेरीपटावर गैरहजर माणसाची येण्याची वेळ शोधल्यासारखं आहे ते. ब्लेमबद्दल एकूणच माझं मत फारसं चांगलं नाही, सगळे पहिल्यांदा तेच चालवतात आणि वरून तीन सर्व्हिस बंद करायला निघतात. पण सर्व्हिस एकाच वेळी शेजारी-शेजारी सुरू होत असतात, ब्लेममध्ये २० सेकंद दाखवणारी सर्व्हिस कोणालाही न अडवता मागे चाललेली असू शकते. प्लायमाउथ-क्विट-वेट हे तर हमखास वर दिसतं, ते फक्त बूटचं चित्र स्क्रीनवरून जायची वाट बघत असतं, बाकीचं होईपर्यंत थांबणं हेच त्याचं काम, ते बंद करून एक सेकंद पण वाचत नाही. नेटवर्कमॅनेजर-वेट-ऑनलाइन पण तसंच, बहुतेक घरच्या मशीनवर डेस्कटॉप त्याच्यासाठी थांबत नाही.

त्यापेक्षा सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ क्रिटिकल-चेन चालवा. त्यात कोण कोणासाठी थांबलं त्याची साखळी दिसते, @ च्या पुढे ते युनिट केव्हा तयार झालं आणि + च्या पुढे त्याला स्वतःला किती वेळ लागला. तुमच्याकडे मला वाटतं खालच्या बाजूला स्वॅप.टार्गेट @ दीड मिनिट असं काहीतरी दिसेल आणि त्याच्या खाली कोणीच नसेल. दीड मिनिट गेलं पण कोणीच म्हणत नाही की मी घेतलं, असं दिसलं की समजायचं. पुरावा हवा असेल तर सुडो जर्नलसीटीएल -बी चालवून त्यात टाइम्ड आउट हे शब्द शोधा, डिव्हाइसचा यूयूआयडी घालून स्वच्छ लिहिलेलं असतं की याची वाट बघून थकलो, आणि त्याच्याच खाली स्वॅपची डिपेंडन्सी फेल. किंवा त्याहून सोपं म्हणजे बूट होताना एस्केप दाबा, चित्र बाजूला होईल आणि मागची ओळ दिसेल, लाल तारे इकडून तिकडे पळत असतात आणि शेजारी १ मिनिट ३० सेकंदांचं घड्याळ चालू असतं. माझ्या मते हे एक बटण सगळ्या कमांडपेक्षा भारी आहे आणि कोणी दाबत नाही.

आता दुरुस्ती. टर्मिनलमध्ये एलएसबीएलके -एफ चालवा, प्रत्येक पार्टिशनसमोर त्याचा खरा, आजचा यूयूआयडी येईल. शेजारी एफएसटॅब उघडा आणि स्वॅपच्या ओळीतला यूयूआयडी ताडून बघा. जुळत नसेल तर पकडलं. एफएसटॅबला हात लावायच्या आधी तिची एक कॉपी करून ठेवा, सुडो सीपी करून, मी पण करतो, सोळा वर्षांनंतर पण करतो, कारण या फाइलमध्ये रूटच्या ओळीत एक अक्षर चुकलं की मशीन डेस्कटॉपऐवजी इमर्जन्सी मोडमध्ये जाऊन बसतं. स्वॅप पार्टिशन अजून आहे आणि फक्त ओळख बदललीय असं असेल तर नवा यूयूआयडी तिथे टाका. पार्टिशनच नसेल तर त्या ओळीच्या सुरुवातीला # लावा, ओळ उडवू नका. सेव्ह करून फाइंडएमएनटी --व्हेरिफाय चालवा, ही कमांड फार लोकांना माहीत नसते पण एफएसटॅबमधली चूक रीस्टार्टच्या आधीच सांगते. मग सुडो सिस्टिमसीटीएल डीमन-रीलोड आणि सुडो स्वॅपऑन -ए, काही कुरकुर नाही आली तर ९० सेकंद गेले.

उरले ३०. रिझ्यूमची ती एका ओळीची फाइल उघडा, तिथे पण नवा यूयूआयडी टाका, किंवा तुम्ही हायबरनेट कधीच करत नसाल तर सरळ रिझ्यूम=नन असं लिहा (तिथल्या शब्दात, कॅपिटल-स्मॉल जसं आहे तसं ठेवून). आणि आता जे दहातले आठ जण विसरतात ते: सुडो अपडेट-इनिटरॅमएफएस -यू -के ऑल. फाइल बदलली तरी इनिटरॅमएफएसच्या पोटातली कॉपी जुनीच असते, ही कमांड चालवल्याशिवाय काही फरक पडत नाही आणि मग लोक म्हणतात "तुम्ही सांगितलेलं केलं, काही झालं नाही". शेवटचं -के ऑल यासाठी की नुसतं -यू केलं तर सगळ्यात नव्या कर्नलचंच होतं, आणि एखाद्या दिवशी जुन्या कर्नलवरून बूट केलंत की तीस सेकंद परत हजर.

स्वॅप नाहीच ठेवलं तर चालेल का असंही मनात येईल. ८ जीबीत ब्राउझर, लिब्रेऑफिस वगैरे वापरायला अडचण येत नाही, पण ब्राउझरमध्ये चाळीस टॅब उघडे ठेवायची सवय असेल तर एखादी २ किंवा ४ जीबीची स्वॅपफाइल करून ठेवा, फाइल असल्यामुळे कुठल्या इन्स्टॉलरची तिच्यावर नजर पडत नाही.

या आकड्यांच्या हिशोबावर मी एवढा का अडून बसतो त्याचं कारण सांगतो, जरा लाज वाटते पण सांगतो. सात-आठ वर्षांपूर्वी एक निवृत्त गुरुजी लॅपटॉप घेऊन आले, चालू व्हायला साडेतीन मिनिटं लागायची. आत ५४०० आरपीएमची हार्डडिस्क, मी न बघताच सांगितलं एसएसडी टाकू, पळायला लागेल. टाकली, जुनी डिस्क जशीच्या तशी क्लोन केली, गुरुजींच्या समोर ऐटीत बटण दाबलं आणि काळ्या स्क्रीनवर मोजून दीड मिनिट आम्ही दोघं एकमेकांकडे बघत बसलो. शेवटी ते शांतपणे म्हणाले, "मग पैसे कशाचे घेतलेस?" एफएसटॅबमध्ये त्यांच्या पुतण्याने कधीतरी एका बाहेरच्या यूएसबी डिस्कवरचं स्वॅप लिहून ठेवलं होतं, ती डिस्क पुतण्याबरोबर पुण्याला गेली होती. क्लोन केल्यामुळे ती ओळ पण इमानदारीत नव्या एसएसडीवर आली. फुकटात झालं असतं ते काम मी काही हजारांत अर्धवट केलं होतं. तेव्हापासून स्क्रूड्रायव्हर हातात घ्यायच्या आधी वही-पेन घेतो. (बाहेरच्या डिस्कच्या ओळीत नोफेल हा पर्याय घालायचा, म्हणजे ती नसली तरी बूट तिच्यासाठी अडत नाही.)

आता, हे सगळं तुमच्या आकड्यांवरून. आकडे वेगळे असते तर मी वेगळं बोललो असतो, आणि वाचणाऱ्या बाकीच्यांचे आकडे वेगळे असतीलच, म्हणून थोडं पुढचं पण लिहून ठेवतो.

हार्डडिस्कच असेल आणि आकडे गोल नसतील, रोज वेगळे येत असतील, तर बहुतेक खरंच कामाचा बोजा आहे. ५४०० आरपीएम म्हणजे एक फेरा ११ मिलिसेकंदांचा, त्यात हेड इकडून तिकडे हलवायचा वेळ, म्हणजे इकडे-तिकडे विखुरलेल्या छोट्या फाइल सेकंदाला फार तर सत्तर-ऐंशी वाचून होतात. आणि बूट म्हणजे दुसरं काय, हजारो छोट्या फाइल वाचणं. इथे एसएसडीला पर्याय नाही, सर्व्हिस बंद करून पाच-सात सेकंद वाचतील, बाकीचं डिस्कच्या हातात. पण त्याआधी स्मार्टसीटीएल -ए चालवून ५ आणि १९७ नंबरच्या ओळी बघा, म्हणजे बदललेले सेक्टर आणि बदलायची वाट बघत असलेले सेक्टर. १९७ शून्य नसेल तर स्पीड विसरा, आज रात्री बॅकअप घ्या. १९९ वाढत असेल तर डिस्क नाही, केबल. डेस्कटॉपमध्ये साटा केबल नुसती काढून घट्ट बसवल्यावर मिनिटभराचा बूट वीस सेकंदांवर आलेला मी बघितलाय, डीमेसेजमध्ये (कर्नलच्या नोंदींत) एटीए लिंक स्लो टु रिस्पॉन्ड अशी ओळ पडत होती ती पण गेली.

लोगो स्क्रीनवरच अडकत असेल तर ते लिनक्सच्या आधीचं आहे. यूईएफआय (बायोसचा नवा अवतार) मोडमध्ये बूट होत असेल तर सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझ फर्मवेअर आणि लोडरचा वेळ पण वेगळा दाखवतं, तुम्ही तो दिला नाहीत म्हणजे बहुतेक जुन्या बायोस मोडवर आहात, तिथे तो मिळत नाही, घड्याळ लावूनच बघावं लागतं. नेटवर्कवरून बूट करायचा पर्याय यादीत सगळ्यात वर असतो, यूएसबीला प्रिंटर नाहीतर पेनड्राइव्ह लावून ठेवलेला असतो, या क्षुल्लक गोष्टी आधी बघायच्या. आमच्याकडे गावातल्या जुन्या डेस्कटॉपना अजून एक दुखणं असतं, मदरबोर्डवरची सीआर२०३२ बॅटरी मेलेली. रात्री मेन स्विच बंद केला की सकाळी तारीख मागच्या दशकात. मग बायोस एफ१ दाबा म्हणून थांबतं, पुढे फाइलसिस्टिम म्हणते की मला शेवटचं माउंट केलं ती तारीख भविष्यातली आहे, त्यावरून तपासणी लागू शकते, आणि नंतर ब्राउझर सर्टिफिकेट चुकीचं म्हणून बोंबलतो. छोट्याशा बॅटरीने तीन तक्रारी जातात.

लोडरमध्ये, म्हणजे लिनक्स लोड करणाऱ्या ग्रबमध्ये, वेळ जात असेल तर ग्रबचा टाइमआउट बघा. उबंटूत एक गंमत आहे, आधीचा बूट नीट पूर्ण झाला नाही असं ग्रबला वाटलं की ते मेन्यू दाखवून ३० सेकंद थांबतं. बूट चालू असतानाच लाइट गेली की पुढच्या वेळी हमखास. डिस्क एन्क्रिप्ट केली असेल तर तुम्ही पासवर्ड टाइप करायला लावलेला वेळ पण मोजला जातो हे लक्षात ठेवा, एक जण मला ४० सेकंदांचा हिशोब मागत होता आणि तेवढ्यात तो चहा आणायला गेला होता.

नेटवर्कवरचं फोल्डर एफएसटॅबमध्ये असणं हा लॅबवाल्यांचा आजार. एका लॅबमध्ये सगळ्या मशीनचं होम फोल्डर शेजारच्या खोलीतल्या सर्व्हरवर एनएफएसने होतं. सकाळी शिपाईकाका मेन स्विच टाकायचे, सर्व्हर आणि तीस मशीन एकदम चालू, सर्व्हरला उठायला तीन-चार मिनिटं, तोवर मशीन वाट बघत लटकलेली, आणि उठली तरी होम फोल्डर गायब. मुलांना वाटायचं व्हायरस आलाय. मी आठवडाभर स्विच आणि केबल तपासत होतो. शेवटी ओळीत नोफेल आणि एक्स-सिस्टिमडी.ऑटोमाउंट घातलं, म्हणजे फोल्डर बूटला नाही तर कोणी उघडेल तेव्हा जोडायचं, आणि काकांना सांगितलं आधी सर्व्हर, मग चहा, मग बाकीचे. खरं सांगायचं तर दुसऱ्या उपायाचा जास्त फायदा झाला.

एक जुनी आठवण फक्त मजा म्हणून. २०१९ मध्ये डेबियन १० आलं तेव्हा एका छोट्या, कीबोर्ड-माऊस नसलेल्या मशीनचा बूट अधूनमधून मिनिट-दोन मिनिटं लटकायचा आणि आकडा कधीच सारखा नाही, माझा गोल आकड्याचा नियम तिथे सपशेल पडला. मी माऊस लावून वैतागून हलवला तर लगेच पुढे सरकलं! कर्नलला सुरक्षित रँडम आकड्यांसाठी पुरेशी अनिश्चितता मिळत नव्हती, माऊसच्या हालचालीतून ती मिळाली. कर्नल ५.४ पासून यावर तोडगा आला, तुमच्या डेबियन १२ मध्ये हे नाही. पण नियमाला अपवाद असतो हे सांगायला बरं उदाहरण आहे, वाट बघणं चालूच होतं, फक्त मुदत ठरलेली नव्हती.

लॉगिन झाल्यावर डेस्कटॉप यायला वेळ लागत असेल तर ते वेगळं खातं. सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझला --युजर लावून ब्लेम बघा, आणि पहिलं अ‍ॅप उघडायला बरोबर पंचवीस सेकंद लागत असतील तर डी-बस, बहुतेक वेळा एखादा एक्सडीजी-डेस्कटॉप-पोर्टल (अ‍ॅप आणि डेस्कटॉपमधला दुवा) उत्तर देत नसतो, दोन डेस्कटॉप एकाच मशीनवर टाकून बघितल्यावर हे फार होतं.

किती सेकंद म्हणजे चांगलं, असं पण लोक विचारतात. २००८ मध्ये लिनक्स प्लंबर्स कॉन्फरन्समध्ये इंटेलच्या दोन इंजिनिअरनी, आर्यान व्हॅन डी व्हेन आणि औके कॉक, आसुसच्या छोट्या ई-पीसीवर लिनक्स ५ सेकंदात बूट करून दाखवलं होतं. त्यांनी आधी बजेट ठरवलं, कर्नलला १ सेकंद, सुरुवातीच्या कामाला १, एक्सला (स्क्रीनवर चित्र काढणाऱ्या भागाला) १, डेस्कटॉपला २, आणि मग जो बजेटच्या बाहेर जाईल त्याला जाब विचारला. घरच्या लॅपटॉपला इतकं मागे लागू नका, एसएसडीवर कर्नल आणि युजरस्पेस मिळून दहा-पंधरा सेकंद असतील तर मी हात लावत नाही, पण जाब विचारायची ती पद्धत मला पटते.

राहिलं तुमचं बंद होताना अडकणं. त्याचा स्वॅपशी संबंध नाही, पण जात तीच. तिथे सिस्टिमडी एखाद्या प्रोग्रामला "आवर आता" म्हणून सांगतं आणि तो ऐकत नाही, मग ९० सेकंद थांबून (तुमच्या लॉगिनखाली चालणारं काही असेल तर १२० पर्यंत) त्याला जबरदस्तीने मारतं. कोण ते शोधायला पुढच्या वेळी अडकलं की चालू झाल्यावर लगेच सुडो जर्नलसीटीएल -बी -१ -ई चालवा, म्हणजे मागच्या बूटचा शेवट दिसेल, त्यात स्टॉप-सिगटर्म टाइम्ड आउट, किलिंग अशी ओळ शोधा, तिच्या सुरुवातीलाच नाव असतं. मुदत ५ सेकंदांवर आणून ठेवा असा सल्ला तुम्हाला कोणीतरी देईलच, तो घेऊ नका, डेटाबेस किंवा व्हर्च्युअल मशीन चालवत असाल तर त्यांना नीट बंद व्हायला तेवढा वेळ खरंच लागतो. कधी कधीच होतं म्हणताय तर त्या दिवशी काय काय उघडं होतं ते आठवून बघा आणि ती नावाची ओळ इथे टाका, मग पुढचं बोलू. आणि एफएसटॅब बदलल्यावर सिस्टिमडी-अ‍ॅनलाइझचे नवे आकडे पण टाका, कर्नल ४ आणि युजरस्पेस ६ च्या आसपास यायला पाहिजेत, माझा हिशोब चुकला असेल तर तेही कळू दे.